कावळा शिवल्याचा फोन

अंटार्क्टिकाला आपल्या देशाच्या मैत्री नावाच्या संशोधन स्टेशनवर मी डॉक्टर म्हणून एक हिवाळा काढलाय. लोक विचारतात तिकडे मोठी केस कुठली आली, कुणाचं अपेंडिक्स वगैरे काढावं लागलं का. तसलं काही झालं नाही देवाच्या कृपेनं, दोन दात काढले, एकाचा अंगठा दारात चेमटला तो शिवला, बाकी पाठदुखी आणि झोप न येणं. मला आठवते ती जून महिन्यातली एक दुपार, जेव्हा मी नुसता खुर्चीवर बसून होतो आणि काम सगळं तासगाव तालुक्यातल्या एका आईनं केलं.

आधी तिकडचं थोडं सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही. मैत्री १९८९ पासून चालू आहे, शिर्माखर ओअ‍ॅसिस म्हणतात त्या उघड्या खडकाळ पट्ट्यात, लोखंडी पायांवर उभी केलेली बिल्डिंग, शेजारी प्रियदर्शिनी तलाव, त्याचंच पाणी प्यायचं. हिवाळ्याला आम्ही पंचवीसेक जण राहतो. मार्चमध्ये शेवटची माणसं परत गेली की नोव्हेंबरपर्यंत विमान नाही, जहाज नाही, घरी काहीही झालं तरी निघता येत नाही. जाताना सगळ्यांना हे सांगितलेलं असतं, सह्या घेतलेल्या असतात, पण सही करताना माणूस आपल्या घरी काही होईल असं धरून चालत नाही ना. मेच्या शेवटी सूर्य जातो तो जुलैच्या शेवटी येतो. जूनमध्ये दुपारी उत्तरेला दोनेक तास तांबूस उजेड दिसतो तेवढाच, मग परत काळोख.

आमच्यात एक जनरेटरवाला होता. वय तिशीच्या आत, पण सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीसुद्धा. जनरेटर म्हणजे तिकडे सगळंच, हीटिंग, पाणी, स्वयंपाक, फोन. तो बंद पडला की काही तासांत बिल्डिंग थंड पडायला लागते. भाऊ आवाजावरून सांगायचा कुठल्या जनरेटरचं काय बिनसलंय, जेवताना मध्येच ताट ठेवून उठून जायचा, आम्हाला काही वेगळं ऐकूच आलेलं नसायचं.

तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोहीम चालवणाऱ्या गोव्याच्या ऑफिसकडून आमच्या लीडरला निरोप आला की भाऊच्या वडलांचं निधन झालंय. त्याच्या चुलत्यांनी कळवलं होतं आणि सोबत विनंती केली होती की पोराला सांगू नका, तो एकटा आहे, तिकडे काळोख आहे, काही करून बसेल. चुलत्यांचं म्हणणं, आम्ही घरचे सगळे त्याला सांगतो की आप्पा वारीला गेलेत, तिकडे फोन लागत नाही. आप्पा खरंच दरवर्षी वारीला जायचे, आणि दिवस पालखी निघायचेच होते, म्हणजे खपून गेलं असतं.

लीडरनं मला विचारलं डॉक्टर म्हणून तुझं मत काय. मी म्हणालो चुलते म्हणतात ते बरोबर आहे. मला तेव्हा अगदी पटलेलं होतं ते. हिवाळ्याच्या मध्यावर तिकडे माणसं तशीही हललेली असतात, झोप उडते, बोलता बोलता शब्द विसरतात, उगाच चिडतात, आणि हा रात्री एकटा जनरेटर हॉलमध्ये ड्युटी करतो. सूर्य येऊ दे मग बघू असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्या रात्री भाऊ माझ्याशी कॅरम खेळला. राणी घेतल्यावर हसला आणि म्हणाला, डॉक्टर आज तुमचं लक्ष नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. डावात मी त्याला आपणहून जिंकू दिलं असं त्याला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. भाऊची आई होती. आणि तिनं आधी मला मागितलं.

"डाक्टर, तुमी त्याला काय सांगितलं न्हाई न्हवं?"

मी म्हणालो नाही काकू, काही काळजी करू नका, आम्ही ठरवलंय सध्या नाही सांगायचं.

"मग बरं झालं. मीच सांगते. दुसऱ्याच्या तोंडून नको त्याला. तुमी फकस्त बाजूला बसा त्याच्या."

मी तिला समजावायला गेलो, काळोख, एकटेपणा, जी काय कारणं होती ती. सॅटेलाइटच्या फोनला आवाज पोचायला जरा वेळ लागतो, त्यामुळे माझं बोलणं संपल्यावर ती गप्प आहे की आवाज यायचाय ते कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "डाक्टर, त्याचा बाप हाय त्यो. आज जगतोय असं त्याला वाटंल आन् तो हसंल खेळंल, आन् चार महिन्यांनी कळंल तवा त्याला ते समदं हसणं आठवंल. मग काय सांगू मी त्याला?"

मला आदल्या रात्रीची राणी आठवली. मी भाऊला बोलवायला गेलो.

तो हात पुसत आला, नखात ग्रीस होतं, रिसीव्हर दोन बोटात धरला खराब होऊ नये म्हणून. स्पीकर चालू ठेवा असं आईनंच सांगितलेलं. ती आधी म्हणाली जेवलास का, तो म्हणाला हो, राजमा होता. मग म्हणाली खाली बस. आणि लगेच, एका दमात, "लेकरा, तुझं आप्पा गेलं रे. परवा सकाळी."

वळसे नाहीत की मन घट्ट कर वगैरे नाही. पुढची पाच मिनिटं तिनं सगळं सांगितलं, अगदी क्रमानं. म्हशीची धार काढून आले, ओट्यावर टेकले, म्हणाले जरा घाम येतोय, पाणी दे. पाणी आणेपर्यंत मान कलली होती. शेजारच्यांची गाडी काढली, तासगावला पोचायच्या आधीच संपलं होतं. अंगात निळा शर्ट होता, दिवाळीला तू घेतलेला. अग्नी चुलतभावानं दिला, तुझं नाव घेऊन दिला. बेळगावची आत्या पोचली, पुण्याची नाही पोचली. मी डॉक्टर आहे, अशा बातम्या मी स्वतः कितीतरी घरांना दिल्यात, आम्हाला त्याचं ट्रेनिंगही असतं, पण असं सांगणं मी ऐकलं नव्हतं. तो तिथं नव्हता म्हणून तिनं त्याला उभं करून सगळं दाखवलं, पाण्याच्या तांब्यापासून.

भाऊ एकच विचारत होता, दुखलं का त्यांना. ती म्हणाली न्हाई. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मी म्हणालो आई सांगतायत त्यावरून बहुतेक वेळच मिळाला नसणार. हे मी धीर द्यायला बोललो नाही, मला खरंच तसं वाटलं. तेव्हा तो रडला. आई लाईनवर थांबून राहिली, काही बोलली नाही, मिनिटं मोजून मिळतात तिकडे पण त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही.

मग ती त्याला बाकीच्या घरच्या गोष्टी सांगायला लागली. मला आधी नवल वाटलं. धाकटीचा दहावीचा निकाल लागला, ८१ टक्के, ती तुझ्याशी नंतर बोलेल, सध्या झोपवलीय. मृगाचा एक पाऊस पडून गेला. बेदाणा तासगावच्या सौद्यात निम्मा गेलाय, निम्मा स्टोरेजला आहे, आप्पांनी भाव वाढेल म्हणून ठेवलेला, तो दिवाळीपर्यंत हलवायचा नाही. म्हशीला मी धार काढायला बसले तर पान्हा सोडत नव्हती, आज सोडला. भाऊ हुंदके देत देत हं हं करत होता आणि मग मध्येच म्हणाला, पावती कुठं ठेवलीय बेदाण्याची? ती म्हणाली देवाच्या फळीवर. तिथून पुढं तो जरा माणसात आला.

फोन ठेवायच्या आधी तिनं सांगितलं, दहाव्याला केस काढ.

वीस तारखेला आम्ही ते केलं. न्हावी तर नव्हताच, ऑपरेशनच्या आधी केस काढायचं सामान माझ्याकडे होतं. माझ्या त्या छोट्या ऑपरेशनच्या खोलीत स्टुलावर बसवला, खाली पेपर पसरला, आधी मशीन मग ब्लेड. आमचा कुक, गढवालचा, गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभा, त्याच्याकडेही असंच करतात म्हणाला. भाऊच्या डोक्यावर डाव्या बाजूला टाक्यांची जुनी खूण निघाली, म्हणाला लहानपणी विहिरीच्या काठावरून पडलो होतो, आप्पांनी खांद्यावर टाकून पळत नेलं होतं. केस पेपरात गुंडाळून पिशवीत घातले, तिकडे बाहेर काहीच टाकायचं नसतं, अंटार्क्टिकाचा नियमच आहे, कचरा सगळा जहाजानं परत न्यायचा. पिंडाचा भातही त्यामुळे ठेवता आला नसता. आणि ठेवला असता तरी कावळा कुठला, उन्हाळ्यात स्कुआ नावाचे मोठे तपकिरी पक्षी येतात ते सुद्धा काळोखाच्या आधीच निघून गेलेले. आम्ही सगळे डायनिंग हॉलमध्ये दोन मिनिटं उभे राहिलो.

संध्याकाळच्या आत आईचा फोन. येरळेच्या काठी पिंड ठेवला होता. कावळे येऊन झाडावर बसले पण खाली उतरेनात. चुलते म्हणाले बेदाण्याचं काहीतरी राहिलं असेल, ते बोलले, तरी नाही. धाकटीच्या शिक्षणाचं बोलले, नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले.

"मग मी फुडं झाले. म्हनलं, अवो, पोराला समदं सांगितलंय मी. त्याला ठावं हाय. तो हितं न्हाई पन आज त्यानं बी केस काढल्यात. काम संपवून तो येतोय, तुमी जावा आता." थोडा वेळ नुसती खरखर. "तोंडातनं शब्द निघायचा अवकाश. शिवला बग."

भाऊ तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत होता. शिवला म्हणे, शिवला, असं दोनतीनदा बोलला, कुणाला ते माहीत नाही. मी त्याला जे काही देऊ शकत होतो, झोपेची गोळी, सुट्टी, तासभर बोलणं, त्यातलं काही या एका वाक्याच्या जवळपास पोचलं नसतं. आणि आदल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून हेच त्याच्यापासून काढून घ्यायचं ठरवलं होतं, मी सही केल्यासारखी मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी मिडविंटर. २१ जून म्हणजे तिकडचा मोठा सण, सगळ्या देशांची स्टेशनं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, मोठं जेवण असतं. भाऊ येऊन बसला, गोड नाही घेतलं.

पुढच्या आठवड्यात ब्लिझर्ड म्हणजे बर्फाचं वादळ होतं, तीन दिवस सॅटेलाइटची लिंक नव्हती. चौथ्या दिवशी फोन लागला तर आई जरा घाईत होती. विहिरीवरची मोटर चालू होईना, बटण दाबलं की नुसती घुमते, आप्पा बघायचे, आता वायरमन दोन दिवस येत नाही म्हणतोय आणि बागेला पाणी द्यायचंय. भाऊ म्हणाला फोन मोटरजवळ धर. तिनं धरला. कुणीतरी बटण दाबलं आणि आमच्या त्या खोलीत, बाहेर उणे पंचवीस असताना, तासगावकडच्या विहिरीवरची मोटर घुमायला लागली. भाऊ डोळे मिटून ऐकत होता.

"बंद कर, बंद कर, जळंल. कपॅसिटर गेलाय आई. पेटीत काळी डबी आसंल, त्यावर आकडा लिवलाय, तो वाच."

ती चष्मा आणायला गेली. तो थांबला.