देवांच्या डोक्यावर ढग

वरच्या मजल्यावर कोण राहतं ते निशी-कसाईत आल्यापासून मला कळलेलं नाही. पण त्यांचे पाय आमच्या देवांच्या डोक्यावरून फिरतात, हे सासूबाईंनी पहिल्याच व्हिडिओ कॉलला हेरलं. टोकियोत भाड्याच्या घरात याला इलाज नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं.

इलाज दिसला आमच्या गल्लीतल्या सोबाच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या, दुकानात. छताजवळच्या फळीवर त्यांचा कामिदाना, म्हणजे शिंतो देव्हारा, आणि त्याच्या बरोब्बर वर छताला चिकटवलेला कागद. कागदावर एकच अक्षर: ढग. वर माणसं राहतात ना, मालकीणबाई म्हणाल्या, म्हणून देवाला सांगायचं, तुमच्या वर फक्त आभाळ आहे. संपला विषय! आपल्याकडे यासाठी वास्तुवाले येतात, ओटा फोडतात, न्हाणीघर हलवतात. इथे कागद आणि चिकटपट्टी. हौस असेल तर लाकडात कोरलेला ढग विकत मिळतो.

"ही देवाची फसवणूक नाही का?" नवऱ्याने विचारलं. दागिन्यांच्या जागी 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणत चार दाणे वाहणाऱ्या घराण्यातला माणूस हा! मी त्याच संध्याकाळी ढग लावला. देवांना जपानी वाचता येतं का, असं सासूबाईंनी विचारल्यावर शेजारी देवनागरीतही लिहिला.

म्हणून जपान्यांचं सोवळं ढिलं आहे असं मात्र समजू नका. तांदूळ, मीठ, पाणी रोज ताजं. साकाकी या सदाहरित झाडाची डहाळी महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला बदलायची. घरात कुणी गेलं की कामिदान्यावर पांढरा कागद लावून तो साधारण 50 दिवस झाकायचा. आपलं सुतक दहा दिवसांत आटोपतं. पितरांचं बुत्सुदान, म्हणजे घरातला बौद्ध देव्हारा, मात्र तेव्हाही बहुतेक घरांत उघडंच, तिथे भाताचा नैवेद्य चालू. गेलेल्यांचे फोटो देवघरात नकोत, हे आपलं म्हणणं यांना लगेच पटेल. देवाचं तोंड दक्षिणेला चालतं म्हटल्यावर मात्र सासूबाई दचकल्या. आपल्याकडे दक्षिणमुखी म्हटलं की मारुतीच आठवतो.

मला खटकतं ते एकच. देवळातून आणलेला ओफुदा, म्हणजे देवाच्या नावाची कागदी किंवा लाकडी पट्टी, ज्यात देवाचं अस्तित्व मानतात, तो दर वर्षी नवा आणायचा आणि जुना देवळात परत देऊन जाळायचा. आमचे चांदीचे टाक आजेसासूबाईंच्याही आधीपासूनचे, झिजून नाकडोळे पुसलेले. ते काय बदलायचे? (गणपतीचं नाव काढू नका, ते वेगळं.)

राहिलं निरांजन. आमच्या भाडेकरारात उघड्या ज्योतीला मनाई आहे, त्यामुळे बुत्सुदानासाठी मिळते तसली बॅटरीची मेणबत्ती आणली. इथले सश्रद्ध लोक पितरांपुढे ती लावतात, मग आम्ही का लाजायचं? उदबत्ती मात्र खरीच आहे, कमी धुराची.