कोटाची उलटी बाजू

कुठलाही कोट हातात आला की मी आधी तो उलटा करते. ही खोड अण्णांची. देवळालीला त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक बहुतेक छावणीतलं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाला बढती मिळाली म्हणून दंडावर नवी फीत टाचायची. मी एखाद्या कोटाच्या चकचकीत बटणांकडे बघत बसले की म्हणायचे, "समोरनं काय बघतेस? अस्तर बघ."

आता मी ओहायोत राहते. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं पुष्कळदा इस्टेट सेल लावतात. अख्खं घर उघडं, आणि पातेल्यापासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. पहिल्यांदा गेले तेव्हा तेराव्याच्या आत भांडी विकायला काढल्यासारखं कसंसंच झालं. नंतर निर्ढावले. अशाच एका तळघरात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, ४० डॉलरची चिठ्ठी लावलेलं एक आखूड लोकरी जाकीट लटकत होतं.

कमरेशी संपणारं, झाकलेल्या बटणांचं, खाली बकलाचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी सैन्याचं १९४४ सालच्या नमुन्याचं हे जाकीट, जनरल आयझेनहॉवरच्या 'आइक' या टोपणनावावरून त्याला 'आइक जाकीट' म्हणतात. बाहेरून ते वाचणं सोपं असतं. डाव्या बाहीवर मनगटाच्या वर सोनेरी आडव्या दांड्या, एक दांडी म्हणजे परदेशात सहा महिने. याच्या चार होत्या. दोन वर्षं घराबाहेर. उजव्या खिशाच्या वर चौकटच्या आकाराचा तुकडा, त्यावर कड्यातून बाहेर पडणारा गरुड. म्हणजे हा माणूस सन्मानाने सुटून घरी आला. सैनिकांना तो गरुड बदकासारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'अंतर्गळ झालेलं बदक'. सरकारने दिलेल्या सन्मानाची अशी टर उडवणारी माणसं मला एकदम ओळखीची वाटतात.

मग मी जाकीट उलटं केलं. कॉलरच्या आत काळ्या शाईचा पुसट शिक्का: 'पी' हे अक्षर आणि पुढे चार आकडे. हा धोब्याचा शिक्का. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. हजारो माणसांचे सारखे कपडे एकाच कढईत उकळायचे, तर कुणाचं कुठलं हे कळायला नको? आपल्याकडचे धोबी कोपऱ्यात टिकली मारतात, त्याचाच हा लष्करी अवतार. एवढ्या आकड्यांवरून जुन्या याद्या चाळत माणसापर्यंत पोचलेले संग्राहक आहेत. मी काही पोचले नाही. आणि नाव कळलं असतं तरी कागद मिळाले असते असंही नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. कागद गेले, आणि कुणाच्या तरी तळघरात कसरीने खाल्लेलं जाकीट मात्र राहिलं. असो, माझ्यापुरतं त्या माणसाचं नाव 'पी'.

पीच्या काखेत शिवण सोडवून कपडा ढिला केलेला आहे. परतल्यावर घरचं जेवण मानवलं असावं.

जुन्या लष्करी वस्तू जमवायच्या या छंदात फसणं ठरलेलंच. एकाने मला 'अस्सल युद्धकालीन' म्हणून खांद्यावरचा एक बिल्ला विकला. घरी येऊन अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, तर तो गणपतीतल्या रोषणाईसारखा उजळला. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून धाग्यात जी रसायनं घालतात ती युद्धानंतर आली, त्यामुळे चमकणाऱ्या धाग्यावर संशय घ्यायचा. पण हीही खात्रीची परीक्षा नाही. एखाद्या बाईने आपल्या वडिलांचा खराखुरा कोट मायेने आजच्या साबणात धुतला, तर तोही चमकतो.

फोटोंमध्ये मला एकच गोष्ट पटकन कळते, आणि तीही दुकानामुळे. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांचे लोखंडी पत्र्यावर काढलेले फोटो, टिनटाइप, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, या सगळ्यांनी बायकांचे कोट का घातलेत? पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, इथे उजवी. चित्र थेट पत्र्यावर उमटतं, म्हणून ते आरशातल्यासारखं उलटं असतं. जाणकार बकलावरची उलटी अक्षरं बघून हे ओळखतात, मी काजं बघून ओळखलं. कागदी फोटोंची गंमत वेगळी. युद्धखर्चासाठी १८६४ ते १८६६ मध्ये फोटोंवर कर होता, त्यामुळे मागे तिकीट चिकटलेलं असेल तर त्या दोन वर्षांतला फोटो. तेव्हा फोटोसुद्धा उलटा करूनच बघायचा.

पण पीच्या जाकिटावरची खरी वस्तू होती डाव्या खांद्यावर. ढालीचा आकार, खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या भागात एकीकडे चिनी सूर्य आणि दुसरीकडे हिंदुस्थानचा तारा. चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान या रणक्षेत्राचा बिल्ला. अमेरिकेत तो यंत्रावर सुबक निघायचा. पीचा तारा मात्र जरा तिरका होता, आणि त्यात जर होती. तिकडे असलेले कितीतरी सैनिक असे बिल्ले आपल्याकडच्या बाजारांतून हाताने भरून घेत.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ८० पार झाले आहेत, पण फोन डोळ्यांना चिकटवून बघतात.

"आपल्या देवळालीला आला असेल का गं हा?"

"सांगता येत नाही, अण्णा." अमेरिकी सैनिक देवळालीला आले होते हे खरं. पुढे ब्रह्मदेशच्या जंगलात लढून 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून गाजलेली सुमारे ३,००० जणांची तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरली आणि तिथून आगगाडीने आधी देवळालीच्या छावणीत गेली. पण पी त्यांच्यातला होता असं म्हणायला माझ्याकडे एक अक्षर आणि चार आकडे, एवढंच.

"बिल्ला उलटा करून दाखव."

एका कडेचे टाके सुटलेलेच होते. तेवढी कड उचलून फोन जवळ नेला. मागे गाठी, एका टाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारून गेलेला दोरा, आणि लाल संपल्यावर तसाच दामटलेला तपकिरी.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "हात चांगला आहे," म्हणाले, "पण घाईत केलंय. गिऱ्हाईक दुकानात उभं असणार." मग जरा थांबून, "काय दिलं असेल गं त्याने याचं?"