सहा तासांची शाळा

सुटले एकदाची! उन्हाळ्यात ऑस्टिनहून ह्यूस्टनला जाताना ताशी ६० मैलांच्या पट्ट्यात मी ७४ ने चालले होते. मागे लाल-निळे दिवे. इथला मामा इतक्या अदबीनं 'मॅम' म्हणतो की तिकीट (दंडाची पावती) हातात पडेपर्यंत वाटतं, सोडणार बहुतेक!

टेक्सासात एक पळवाट आहे (पळवाट कसली, रीतसर कायदाच आहे). सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा (सावधपणे गाडी चालवायचा) कोर्स केला की तिकीट रद्द. पण वर्षातून एकदाच, आणि वेग मर्यादेपेक्षा २५ मैलांनी जास्त असेल तर नाहीच. कोर्टाची फी चुकत नाही. मुदत ९० दिवस. मी अर्थातच ८१ व्या दिवशी बसले.

ऑनलाइन आहे, म्हटलं लावून देऊ आणि मेथी निवडू. कसलं काय! प्रत्येक पानाला घड्याळ. वेळ संपल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि मध्येच प्रश्न विचारून तपासतात, तुम्हीच बसलायत ना? जुडी तशीच राहिली.

एक आकडा मात्र डोक्यात बसला. ६० मैलांच्या वेगात गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. आणि मी फोनवर गाणं बदलायला किती सेकंद घेते?

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, हे वाचून मात्र हसू आलं. सिंहगड रोडवर तेवढ्या जागेत चार स्कूटी आणि एक रिक्षा घुसते.

संध्याकाळी किराण्याला निघालो. मी मोठ्यानं मोजत चालवतेय, एक, दोन, तीन... मागून लेक म्हणाली, "आई, आपण पार्किंगमध्ये आहोत."