‘तू’ आणि ‘उस्तेद’

कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी आठवड्यातून दोन दुपारी मुलांकडून वाचन करून घेते. सहा वर्षांपूर्वी हे स्वयंसेवी काम नुकतेच सुरू केले होते, तेव्हा नातीला न्यायला आलेल्या एका वयस्कर बाईंशी मी आयुष्यात प्रथमच स्पॅनिशमध्ये बोलले. मोबाइलवरच्या ॲपवर चार महिने घोटलेले वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारले : ‘कोमो एस्तास?’ बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘ब्येन, ग्रासियास. ई उस्तेद?’ त्यातली मेख मला घरी परतताना गाडीत उमगली. ‘एस्तास’ हे ‘तू’चे रूप. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातून आलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या बाईंना मी पहिल्याच भेटीत ‘कशी आहेस गं?’ असे विचारले होते, आणि त्यांनी ‘आपण कशा आहात?’ असे उलट विचारून माझी चूक मला न दुखवता माझ्या पदरात घातली होती.

खरे तर ही चूक मराठी माणसाकडून होताच कामा नये. तू, तुम्ही आणि आपण यांच्यातले अंतर आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि ‘एकेरीवर येणे’ म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळते. तरीही मी चुकले, कारण मी स्पॅनिश शिकत होते ती इंग्रजीच्या खिडकीतून, आणि त्या खिडकीतून पाहिले की समोरचा प्रत्येक जण नुसता ‘यू’ दिसतो. पुढे कळले की हा प्रश्न दोन सर्वनामांवर संपत नाही. एल साल्वादोर, ग्वातेमाला, होंडुरास, निकाराग्वा या देशांतले लोक जवळच्या माणसाला ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात, तर कोलंबियाच्या काही भागांत आणि कोस्टा रिकात घरातल्या माणसांनाही सहज ‘उस्तेद’ म्हटले जाते, आणि त्यात दुरावा नसतो. आपल्या जुन्या पिढीतल्या बायकांच्या ‘अहो’मध्ये आदर किती आणि जिव्हाळा किती, हे बाहेरच्याला जसे सांगता येत नाही, तसेच हे.

‘लॅटिनो’ हा शब्द या सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. २०२०च्या जनगणनेनुसार अमेरिकेत स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवणारे ६ कोटी २१ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यांपैकी मेक्सिकन मुळाचे लोक निम्म्याहून कितीतरी अधिक; उरलेल्यांत पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटाचे लोक, जे १९१७पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत आणि ज्यांना ‘तुम्ही अमेरिकेत कधी आलात?’ हे विचारणे म्हणजे निव्वळ अज्ञान. १९५९च्या क्रांतीनंतर आलेले क्युबन. डोमिनिकन, कोलंबियन, ग्वातेमालन आणि आणखी कितीतरी. हा रकानाही फार जुना नाही. देशभरातल्या प्रत्येक घराला हिस्पॅनिक असण्याबद्दलचा प्रश्न प्रथम १९८०च्या जनगणनेत विचारला गेला. म्हणजे ज्यांचे पूर्वज आजच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सँता फे इथे १६१०च्या सुमारास वस्ती करून राहिले होते आणि अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने ज्यांच्या घरावरून सीमारेषाच सरकली, ते लोक आणि काल विमानातून उतरलेला व्हेनेझुएलाचा अभियंता एकाच चौकोनात खूण करतात.

शाळांतल्या सांस्कृतिक शिक्षणाविषयी माझी मुख्य तक्रार इथेच आहे. दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना म्हणून साजरा होतो. १५ सप्टेंबर ही तारीख निवडण्यामागे कारण आहे : मध्य अमेरिकेतल्या पाच देशांनी १८२१ साली याच दिवशी स्वातंत्र्य जाहीर केले. पण मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात या पाच देशांचा उल्लेखही झाला नाही. रंगीत कागदी पताका लागल्या, टाको वाटले गेले, आणि साल्वादोरन आईबापांच्या एका आठ वर्षांच्या मुलीला मेक्सिकन झालरीचा घागरा घालून मारियाची संगीतावर नाचायला उभे केले. नाचून झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि घागऱ्याची झालर बोटाभोवती गुंडाळत हळूच म्हणाली, ‘हे आमचं नाहीये.’ तुम्हाआम्हाला परदेशात कोणी ‘तुम्ही इंडियन ना, मग भांगडा करून दाखवा’ असे म्हटले, तर आपण निदान हसून वेळ मारून नेतो. आठ वर्षांच्या मुलीला ते जमत नाही.

तिचे कुटुंब इथे का आले, हे त्या शाळेत कोणी शिकवीत नव्हते. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे यादवी युद्ध चालले, त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली, आणि तिथल्या सरकारला व सैन्याला अमेरिका त्या काळात पैसा आणि शस्त्रे पुरवीत होती. लॉस एंजेलिसमध्ये आज एवढे साल्वादोरन का आहेत, याचे उत्तर त्या युद्धापासून सुरू होते. मला पताकांचा राग नाही. मुलांना खाऊ मिळावा, गाणी व्हावीत. मात्र पताकांनी इतिहासाची जागा घेतली की शेजारी आपल्याला केवळ पाहुणा वाटू लागतो, आणि तो इथवर कसा येऊन पोहोचला या गोष्टीत अमेरिकेचाही हात होता हे सोयीस्करपणे विसरले जाते.

ॲपचा फोलपणा लक्षात आल्यावर मी संध्याकाळच्या एका स्पॅनिश वर्गात नाव घातले. (कुठल्या, ते सांगत नाही.) वर्गात निम्मी मुले माझ्यासारखी कोरी होती आणि निम्मी घरात स्पॅनिश ऐकत वाढलेली, ज्यांना इथे ‘हेरिटेज’ विद्यार्थी म्हणतात. माझ्या पुढच्या बाकावर बसणारा एक तरुण द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा होता. पहिल्या निबंधात त्याने वडिलांच्या गाडीला ‘त्रोका’ म्हटले, जेवणाच्या डब्याला ‘लोंचे’ म्हटले आणि एका ठिकाणी ‘आया’ या प्रमाण रूपाऐवजी ‘आयगा’ लिहिले. कागद परत आला तेव्हा तिन्ही शब्दांवर लाल शाईच्या फुल्या होत्या आणि समासात शेरा होता : ‘हे स्पॅनिश नव्हे.’ मला त्याच निबंधाला त्याच्याहून जास्त गुण मिळाले. मी पाठ केलेली वाक्ये जशीच्या तशी उतरवली होती एवढेच माझे कर्तृत्व. त्या मुलासारखे एक वाक्यही मला तोंडाने धड बोलता येत नव्हते.

त्या फुल्या पाहून मला आमच्या नागपूरच्या शाळेतल्या बाई आठवल्या, ज्या वऱ्हाडीत उत्तर देणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून पुन्हा उभे करीत. त्या मुलाने त्यानंतर वर्षभर हात वर केला नाही. प्रमाणभाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. अर्ज लिहायला, परीक्षा द्यायला ती लागतेच. पण घरच्या बोलीला अशुद्ध ठरवूनच ती शिकवता येते, हा समज इकडे आणि तिकडे सारखाच पक्का आहे. शिवाय जो शब्द चूक म्हणून खोडला जातो, तो पुष्कळदा केवळ जुना असतो. ‘आयगा’, ‘असिना’, ‘त्रुखे’ ही ग्रामीण मेक्सिकन बोलीतली रूपे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये चांगल्या लेखनातही आढळत. वसाहतीबरोबर ती समुद्रापार आली आणि खेड्यांनी ती जपली. ‘त्रोका’ हा मात्र सरळ इंग्रजीतल्या ‘ट्रक’वरून आला आहे. आपण ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ बिनदिक्कत वापरतो, मग त्या मुलाचा ‘त्रोका’ एवढा का खुपावा?

या फुल्यांना इतिहासही आहे. नैऋत्य अमेरिकेतल्या अनेक शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, मुलांना आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागत. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. गोन्सालो आणि फेलिसितास मेंदेस या दांपत्याच्या मुलांना जवळच्या ‘गोऱ्या’ शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा इतर चार कुटुंबांना सोबत घेऊन ते न्यायालयात गेले आणि १९४७ साली अपील न्यायालयातही जिंकले. शाळांतले वर्णीय विलगीकरण घटनाबाह्य ठरवणाऱ्या सुप्रसिद्ध ब्राउन खटल्याच्या निकालाआधी सात वर्षे. गोन्सालो मूळचे मेक्सिकोचे, फेलिसितास पोर्तो रिकोच्या, आणि ज्या शेतावर ते राहत होते ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छावणीत डांबलेल्या एका जपानी अमेरिकन कुटुंबाकडून खंडाने घेतलेले. विविधतेचे शिक्षण म्हणून मला एकच धडा निवडायला सांगितले, तर मी हा निवडीन, कारण त्यात कोणतीही जमात एकटी उभी नाही.

पुढे १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी प्रस्ताव २२७ मंजूर केला आणि सरकारी शाळांतले द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद पाडले. २०१६ साली त्याच राज्याने ७३ टक्क्यांहून अधिक मतांनी तो निर्णय फिरवला. मधल्या अठरा वर्षांत जी मुले शाळेतून बाहेर पडली, त्यांतली काही आज माझ्याबरोबर पालकसभेला बसतात. त्यांना ‘नो साबो’ पोरे म्हणून चिडवले जाते. ‘मला माहीत नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘नो से’ म्हणतात. ज्याला भाषा धड येत नाही तो नियम लावून ‘नो साबो’ म्हणतो. आधी शाळेने स्पॅनिश बोलू नका म्हटले, आता मावश्या-आत्या म्हणतात, स्पॅनिश कशी येत नाही? एका पालकाने मला सांगितले की आजीच्या अंत्यविधीला त्याला दोन शब्द बोलायचे होते आणि तो इंग्रजीत बोलला. याहून अधिक तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. स्पॅनिशभाषक मुलाला सहसा दोन आडनावे असतात, आधी वडिलांकडचे आणि मग आईचे. समजा मुलाचे नाव लुईस गार्सिया एर्नांदेस असेल, तर त्याचे आडनाव म्हणून हाक मारायची ती गार्सिया. पण इथल्या अर्जाला पहिले, मधले आणि शेवटचे असे तीनच कप्पे ठाऊक, त्यामुळे ‘गार्सिया’ मधल्या कप्प्यात जातो आणि मुलगा एर्नांदेस होऊन बसतो. लसीकरणाची नोंद एका नावाने, शाळेची दुसऱ्या. माझ्या वडिलांचे नाव गेली कित्येक वर्षे माझे ‘मिडल नेम’ म्हणून मिरवत असल्यामुळे मला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. कचेरीतल्या कारकुनाला आडनावांविषयी दहा मिनिटे शिकवले, तर ते वारसा महिन्याच्या सबंध कार्यक्रमाहून जास्त उपयोगी पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आणि मग स्पॅनिशचीच मर्यादा. मी तीन वर्षे शिकून जरा बोलू लागले, तेव्हा शाळेने मला एका आईशी बोलायला बसवले. मुलाला चष्म्याची गरज आहे, तपासणी विनामूल्य आहे, कागदावर सही हवी आहे, असे मी शक्य तितक्या आदराने, ‘उस्तेद’ लावून सांगितले. त्या बाई माझ्या प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’ (हो, हो) म्हणत मान हलवीत होत्या. मी खूश. दोन आठवडे झाले, कागद आला नाही. मग दुसऱ्या एका पालकाकडून कळले की त्या मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या मिस्टेको समाजातल्या, आणि स्पॅनिश त्यांनाही माझ्याइतकीच, किंबहुना माझ्याहून कमी येत होती. मेक्सिकोत ६८ मूळनिवासी भाषा सरकारने मान्य केलेल्या आहेत. मिस्टेको ही त्यांतली एक, स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी, स्पॅनिशशी कुळाचेही नाते नसलेली, आणि तिच्याही बोली एवढ्या की एका खोऱ्यातल्या माणसाला दुसऱ्या खोऱ्यातल्याचे नीट कळत नाही. मेक्सिकोच्या कचेऱ्यांत ज्या भाषेपुढे त्या बाईंनी मान हलवायची सवय करून घेतली असेल, तीच भाषा मी ‘त्यांची’ समजून त्यांच्यापुढे ठेवली होती.

पुढच्या खेपेस शाळेने मिस्टेको दुभाषा बोलावला. फ्रेस्नोत तो मिळू शकतो, कारण वाहाकातल्या मूळनिवासी लोकांनी इथे स्वतःच्या संस्था उभ्या केल्या आहेत. त्याच दुभाष्याने मला रेडिओ बिलिंग्वेविषयी सांगितले. उगो मोरालेस या मिस्टेको गृहस्थांनी पुढाकार घेऊन उभे केलेले हे केंद्र ४ जुलै १९८० रोजी फ्रेस्नोतून सुरू झाले, आणि रविवारी त्यावर ‘ला ओरा मिस्तेका’ हा कार्यक्रम लागतो. मी तो स्वयंपाक करताना लावून ठेवते. स्पॅनिश निवेदन आता बरेचसे कळते. मग मिस्टेको सुरू होते आणि त्या ओघात मधूनच एखादे ‘एस्क्वेला’ (शाळा) किंवा ‘क्लिनिका’ (दवाखाना) येते, तेवढेच मला ओळखू येते. बाकीचे मी नुसते ऐकते.