रविवारी पहाटे नागपूर ओलांडताना: नाशिक ते पेंच, कॅराव्हॅनने

कॅराव्हॅनच्या प्रवासाची आखणी बहुतेक जण मुक्कामांपासून सुरू करतात. आम्ही ती नागपूरपासून सुरू केली. कोणत्या वारी, किती वाजता शहरात शिरायचं आणि किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं हे आधी ठरवलं. नाशिकहून कधी निघायचं, समृद्धी महामार्गावरून कुठे उतरायचं, पेंचच्या जंगलातलं बुकिंग कोणत्या तारखेचं घ्यायचं, हे सगळं त्यामागून उलटं मोजत आलं.

नागपूर माझं माहेर. देशाच्या नकाशात श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 एकमेकांना भेटतात ते इथे, त्यामुळे विदर्भात कुठूनही कुठेही जायचं तर हे शहर वाटेत येतंच. बाहेरून वळसा घालता येतो, आणि नुसतं पलीकडे जायचं असेल तर तोच घालावा. पण मला आत्याला भेटायचं होतं. चाकांवरचं घर बघायचं म्हणून ती दिवाळीपासून फोन करत होती.

गाडी भाड्याची. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, सात मीटरच्या आसपास लांब. छतावर एसीचं खोकं असल्यामुळे उंची तीन मीटरच्या घरात. मागच्या चाकांच्या मागे बराच भाग लोंबता असतो, त्यामुळे वळताना शेपूट उलट्या बाजूला बाहेर येतं आणि शेजारच्या स्कूटरवाल्याला त्याचा अंदाज नसतो. पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वजन नुसतं पाण्याचं, आणि ते ब्रेक मारल्यावर पुढे सरकतं. रिकाम्या रस्त्यावर यातलं काहीही जाणवत नाही. दर वीस फुटांवर थांबत-चालत जायचं असेल तर मात्र कपाटांची दारं, भांडी, क्लच आणि चालवणाऱ्याची मान या सगळ्यांचा कस लागतो.

हा झाला आपला त्रास. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ नागपूरचा रस्ता कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचा असतो. त्यांना वेळ निवडता येत नाही. मेडिकल चौकात तर विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून रुग्ण घेऊन आलेल्या ॲम्ब्युलन्स सतत वळत असतात. सुट्टीवर निघालेल्या माणसाला वेळ निवडता येते. ती निवडायची सोय असताना सात मीटरचं घर ऐन गर्दीत नेऊन उभं करणं मला पटत नाही.

डिसेंबर निवडला त्यालाही कारणं होती. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं आणि ते डिसेंबरात भरतं. कामकाजाच्या दिवशी यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला बॅरिकेड लागतात, सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते वळवले जातात. ‘मग डिसेंबर कशाला?’ असं नवऱ्यानं विचारलं. पण मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या पाऱ्यात पत्र्याच्या घरात झोपणं शक्य नाही, आणि पावसाळ्यात पेंचची सफारी बंद. शिवाय डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की बऱ्याच घरांतली लग्नं संक्रांतीपर्यंत थांबतात. वर्धा रोड आणि कोराडी रोडच्या लॉनसमोर रात्री ज्या वराती आणि गाड्यांच्या रांगा असतात, त्या या काळात खूप कमी होतात. राहिलं अधिवेशन. रविवारी सहसा कामकाज नसतं. म्हणून रविवार, आणि तोही पहाटेचा.

आणखी दोन गोष्टी मी तारीख पक्की करण्याआधी बघते. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना आहे का, ही पहिली. असला तर वर्धा रोडचं नाव काढायचं नाही. दुसरी, सणांचं वेळापत्रक. दसऱ्याला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा असते. हे दिवस नागपुरात पायी फिरण्याचे, गर्दीत मिसळून बघण्याचे. त्या दिवशी गाडी गावाबाहेर ठेवावी आणि मेट्रोनं आत यावं.

नाशिकहून समृद्धीनं येताना सांगण्यासारखं फार नाही. रस्ता सरळ, डावी लेन, वेग ऐंशी. मुलगा पुलांची संख्या मोजत बसला होता. नागपूरला थेट पोचायचं ठरवलं असतं तर समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला, संध्याकाळी उतरलो असतो, म्हणजे बुटीबोरी आणि मिहानमधून सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मधोमध. म्हणून वर्ध्याजवळच बाहेर पडलो आणि सेवाग्रामला मुक्काम केला. एका मंगल कार्यालयाच्या आवारात परवानगी घेऊन गाडी लावली. सासऱ्यांनी आश्रमात बापूकुटी बघितली. तिथल्या मातीच्या भिंतींना हात लावून ते बराच वेळ उभे होते. रात्री आठला जेवणं आणि नऊला दिवे बंद. पहाटे निघायचं तर आदल्या रात्रीची झोप हा प्रवासाचाच भाग आहे. अर्धवट झोपेत अंधारात मोठी गाडी चालवण्यापेक्षा गर्दीत अडकलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

पावणेपाचला निघालो. आदल्या रात्रीच गॅसचा कॉक बंद केला होता, खालच्या टाकीतलं सांडपाणी रिकामं केलं होतं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी फक्त पाव भरलेली ठेवली होती. शहरातून जायचं तेव्हा वजन कमी हवं. पाणी पुढे कुठेही भरता येतं. सेवाग्राम ते नागपूर पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. बुटीबोरीपर्यंत शेतांवर धुकं होतं, हेडलाइट खाली ठेवून साठच्या आतच चालवलं. तिथून पुढे ट्रकची रांग दिसत होती, पण सगळे आपापल्या लेनमध्ये. जामठा, खापरी मागे पडलं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर आम्ही चढलो नाही. वरून गेलं की सरळ अजनीकडे उतरावं लागतं, आणि आम्हाला छत्रपती चौकातून रिंगरोड धरायचा होता. खालून निघालो तर चौकात दूधवाल्याच्या गाडीशिवाय काही नव्हतं. सव्वासहा वाजले होते.

शहरात शिरण्याआधी मी वाटेतले सगळे रेल्वेपूल नजरेखालून घातले होते. सीताबर्डीजवळचा लोखंडी पूल नागपूरकरांना माहीत आहे. उंच गाडीनं त्याच्या वाटेला जाऊ नये. नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजमध्ये पावसाळ्यात पाणी साचतं. नकाशावरचा निळा रस्ता कारसाठी आखलेला असतो, त्याला आपल्या छतावरचा एसी दिसत नाही. उंची एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवावी.

आत्या महालात राहते. बडकस चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत ही गाडी नेण्याचा विचारही मी केला नाही, पहाटे असली तरी. मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा करत रेशीमबागेत रुंद रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि आतेभाऊ स्कूटरवरून आत्याला घेऊन आला. शाल, कानाला मफलर आणि मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात रात्री करून ठेवलेली सांबारवडी. थंडीच्या दिवसांत कोथिंबीर स्वस्त झाली की नागपुरात घरोघरी ही वडी होते.

‘काय गं, एवढ्या अंधारात कायले आली? दहा वाजता आली असती तं जेवून गेली असती,’ ती पायरी चढता चढता म्हणाली.

‘दहाला आले असते तर तुला भेटायला अजून तासभर लागला असता, आत्या.’

ती आत आली. ओटा बघितला, नळ सोडून बघितला, पलंग ओढून पाहिला. ‘अन् संडास?’ तोही बघितला. मग खिडकीशी बसून म्हणाली, ‘मस्त घर घेऊन फिरून राहिली बाप्पा तू.’ सासऱ्यांनी चहा टाकला. वड्या तव्यावर गरम केल्या. आतेभावानं कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्री पोहे आणले, वर हरभऱ्याची लालभडक तर्री आणि कच्चा कांदा. माझ्या नाशिकच्या सासऱ्यांना पहिल्याच घासाला ठसका लागला, तरी त्यांनी दुसरी प्लेट मागितली. आत्यानं त्यांना अधिवेशनात कोणकोणते रस्ते बंद असतात ते सांगितलं, अगदी क्रमवार. ती माहिती ट्रॅफिक पोलिसांच्या सूचनेइतकीच नेमकी होती.

साडेसात वाजता निघालो. रविवार असला तरी नऊनंतर भाजीबाजार आणि देवदर्शनाची गर्दी सुरू होते. अशोक चौक, जगनाडे चौक, तिथून सेंट्रल अव्हेन्यू. हा रस्ता मी आयुष्यात कधी रिकामा पाहिला नव्हता. दुकानांची शटर बंद, वर मेट्रोचे खांब, आणि समोर रामझुला पुलाच्या केबल. जयस्तंभ चौकातून झिरो माइलकडे वळून आलो. गाडी हळू केली, तेव्हा चार घोडे आणि वाळूच्या दगडाचा तो स्तंभ मुलानं पहिल्यांदा नीट पाहिला. अधिवेशनाची बॅरिकेड कडेला रचून ठेवलेली होती. एरवी इथे सिग्नल सुटायची वाट बघताना मान वर करायलाही फुरसत नसते.

एलआयसी चौकातून कामठी रोडच्या नव्या उड्डाणपुलावर चढलो. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेला हा पूल साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि ऑटोमोटिव्ह चौकाजवळ उतरवतो. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर हा पूल आणि सगळ्यात वर मेट्रो, अशी चार मजली बांधणी आहे. लहानपणी याच ठिकाणी रेल्वेपुलाखालच्या कोंडीत आमची रिक्षा शाळेला उशीर करायची. आता आम्ही त्या कोंडीच्या दोन मजले वरून गेलो. कन्हानची नदी ओलांडली तेव्हा साडेआठही वाजले नव्हते.

मनसरला थांबून पाणी भरलं. तिथून पुढे महामार्ग जंगलातून जातो आणि काही ठिकाणी जमिनीवरून उचललेला आहे, खालून जनावरांना जायला वाट राहावी म्हणून. पेंचच्या पट्ट्यात अशी नऊ बांधकामं आहेत, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत लांबीची. कडेला आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती आहेत. इथे हॉर्न वाजवू नये. सिल्लारीच्या बाजूला मुक्काम केला. पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण; 2024 मध्ये त्याला हा दर्जा मिळाला. गाडीचे बाहेरचे दिवे बंद करून, पडदे ओढून आम्ही ब्लँकेट घेऊन बाहेर बसलो. मृग नक्षत्र दाखवायला सासऱ्यांना बोट वर करावं लागलं नाही, मुलानंच आधी ओळखलं.

परतीला कामकाजाचा दिवस आला, म्हणजे मोर्च्यांचा. त्यामुळे शहरात शिरायचं नाही हे ठरलेलंच होतं. सकाळी दहाला पेंच सोडलं आणि कामठीच्या अलीकडून बाहेरचा रिंगरोड धरला. कापसी, विहीरगाव, पांजरी करत जामठ्याच्या बाजूला निघालो. किलोमीटर जास्त पडतात आणि ट्रकही भरपूर असतात. पण ट्रक एका वेगानं चालतात, आणि या गाडीला तेच मानवतं. दुपारी बारा ते तीन ही या वळशाची चांगली वेळ. सकाळचे ऑफिसवाले पोचलेले असतात आणि बुटीबोरीची संध्याकाळची पाळी अजून सुटलेली नसते.

दोनच्या आत शिवमडक्याला समृद्धीवर होतो. टायरची हवा आधीच तपासून घेतली होती, सिमेंटच्या रस्त्यावर लांब पल्ल्याला ती बरोबर असावीच लागते. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, म्हणून कारंजा लाडच्या फाट्याला उजेड असतानाच बाहेर पडलो. गुरुमंदिराजवळच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी गावाबाहेर लावली, सासऱ्यांसाठी ऑटो केला आणि संध्याकाळच्या आरतीला सगळे वेळेवर पोचलो.