उलट्या तोंडाचा मारिओ

शाळेत खोडरबरावर ब्लेडने स्वतःचं नाव कोरून ठसा करायचा उद्योग ज्यांनी केलाय, त्यांना एक धडा जन्मभर पुरतो: अक्षरं उलटी कोरायची. मीही तो धडा घेतला होता, बोटाला चिंधी बांधून घेतला होता. त्यानंतर इतक्या वर्षांनी, हातात बऱ्यापैकी कोरणी, समोर लिनोचा, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ लिनोलियमचा, गुळगुळीत तुकडा आणि डोक्यात नको तितका उत्साह असताना मी व्हिडिओ गेममधला मारिओ सरळ कोरला.

सरळ म्हणजे पडद्यावर असतो तसा, उजवीकडे तोंड करून. कागदावर तो अर्थातच डावीकडे तोंड करून उतरला.

"मावशी, हा तिकडे काय बघतोय?" भाचा म्हणाला. "तिकडे तर काहीच नसतं."

बरोबर होतं त्याचं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पडदा फक्त उजवीकडे सरकतो. मागे पडलं ते गेलं. परतायला निघालात तर पडद्याची डावी कड भिंतीसारखी आडवी येते. अशा खेळातल्या नायकाला मी नेमकं मागे बघायला लावलं होतं. चित्रकार असते तर त्यात काहीतरी गहन अर्थ आहे असं ठोकून दिलं असतं. पण मी नुसती गेम खेळणारी बाई. एका सुट्टीत हातातला कंट्रोलर ठेवला आणि कोरणी उचलली, इतकीच माझी कलासाधना.

चूक इतक्या उशिरा का कळली, हे सांगायला हवं. मी एकाच तुकड्यावर सगळे रंग छापत होते. लिनोकट करणारे याला 'रिडक्शन' म्हणतात. आधी आकृतीभोवतालचं सगळं कोरून काढायचं आणि उरलेल्या भागाला फिकट रंग लावून सगळे कागद छापायचे. मग जो भाग फिकटच राहायला हवा तो कोरून टाकायचा, पुढचा गडद रंग लावायचा, त्याच कागदांवर पुन्हा छापायचं. असं करत करत तुकडा संपत जातो. किती प्रती हव्यात ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, कारण दुसरा रंग कोरला की पहिला परत छापता येत नाही. मी बारा कागद घेतले होते. पहिल्या रंगात मारिओ म्हणजे नुसता कातडीच्या रंगाचा डाग होता, दुसऱ्यात टोपी-विजार घातलेला डाग. तिसऱ्या रंगात डोळा उमटला, आणि डोळा उमटल्यावर तो कुठे बघतोय हे लपेना.

तिसऱ्या रंगाच्या वेळी लिनोवर काय उरतं ते मात्र बघण्यासारखं असतं. चेहरा, हात, टोपी, विजार सगळं खरवडून गेलेलं. उरलेले असतात केस, मिशी, शर्ट, बूट आणि एक डोळा, प्रत्येक जण आपापल्या जागी अधांतरी. माणूस निघून गेलाय आणि सामान मागे राहिलंय, तसं.

मी हा मारिओ शेकडो तास खेळले असेन. पण त्याला तोंड नाही हे मला कोरताना कळलं. छोटा मारिओ बारा चौकोन रुंद आणि सोळा चौकोन उंच. मी एका चौकोनाला एक सेंटिमीटर धरला, म्हणजे तळहातापेक्षा थोडं मोठं चित्र झालं. डोळा म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन चौकोन, आणि त्यांना खालून चिकटून लगेच मिशी सुरू. मिशीखाली सरळ हनुवटी! इतकी वर्षं मी त्याला हसरा समजत होते. हसायला आहे काय त्याच्याकडे?

ही मिशी हौसेने ठेवलेली नाही. १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळासाठी गेम डिझायनर शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र पहिल्यांदा काढलं, तेव्हा एवढ्याशा जागेत तोंड काढणं शक्य नव्हतं. मिशी दिली की तोंडाचा प्रश्न मिटतो आणि नाकही उठून दिसतं. केस हलताना दाखवणं जड जात होतं, म्हणून टोपी. अंथरूण पाहून पाय पसरलेला असा नायक दुसरा नसेल. कोरणी हातात घेतल्यावर ही काटकसर मेंदूला नाही, मनगटाला समजते. कारण दोन चौकोनांचा डोळा राखायचा तर त्याच्या चारी बाजूंनी कोरावं लागतं, आणि एकदा हात सटकला की मारिओ आंधळा. माझा हात सटकला नाही. तोंड फिरलं, पण डोळा वाचला.

मारिओचे खेळ काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या त्या काळच्या यंत्रात अशा हलत्या आकृतीला एका वेळी तीनच रंग मिळायचे. चौथी जागा पारदर्शक, म्हणजे मागचं आकाश दिसायला. त्यामुळे केस, मिशी, डोळा, शर्ट, बूट सगळ्यांना एकच मातकट तपकिरी. तीन रंग आणि कोरा कागद. हा छापणाऱ्याचा हिशोब आहे! मला वाटायचं की मी संगणकाच्या खेळातलं काहीतरी उचलून हाताच्या कलेत आणतेय. प्रत्यक्षात ती माणसंच आधीपासून छापकाम करत होती, फक्त शाईऐवजी वीज वापरून.

याचा सगळ्यात गोड पुरावा म्हणजे झुडूप. त्या खेळातलं जमिनीवरचं हिरवं झुडूप आणि आकाशातला पांढरा ढग एकच आहेत. ढगाचाच वरचा भाग घेतला, हिरवा रंग दिला, जमिनीवर ठेवला. अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा होता. झुडपाला वेगळी जागा कोण देणार? मला हे आधी वाचून माहीत होतं, पण माहीत असण्याला काही अर्थ नसतो. मी एकच ढग कोरला. त्याला निळसर शाई लावून कागदाच्या वरच्या भागात छापला. चिंधीने पुसला, हिरवी शाई लावली, ढगाची खालची बाजू झाकली जाईल असा कागदाचा एक कपटा मध्ये ठेवला आणि खाली छापला. कागद उचलला तर झुडूप! आपणच केलेली जादू आणि आपणच आ वासून बघतोय. मारिओचा भाऊ लुईजी, त्याचंही तेच. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये तो आला तेव्हा भावाचाच ठसा होता, शाई तेवढी वेगळी.

रंगाची खरी गंमत त्याहून जुनी आहे. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' मुळात काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा खेळ. त्यात रंग दिसायचे, कारण पडद्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. परग्रहवासी एका पट्टीतून उतरून दुसऱ्या पट्टीत शिरला की त्याचा रंग बदलायचा. मला हे इतकं आवडलं की मी तसाच एक छाप केला, काळ्या आकृत्यांच्या खाली आधीच रंगाचे आडवे पट्टे ओढून. वाईट झाला. पट्टे ओले असतानाच वर काळं छापलं, सगळं लडबडलं. घाई.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्याबद्दलही थोडं सांगते. जपानमध्ये १७६५ च्या सुमाराला सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात लाकडी ठोकळ्यांवरून बहुरंगी चित्रं छापायला लागले. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, बहुधा चेरीच्या लाकडाचा. चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि हे सगळं जुळवून विकणारा प्रकाशक चौथा. प्रत्येक रंग बरोबर आधीच्या रंगावर बसावा म्हणून ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिलीत टेकवायचा, कड दुसरीत. याला 'केंतो' म्हणतात. माझ्या बारा कागदांपैकी पाच धड निघाले, कारण मी या खाचांऐवजी पेन्सिलच्या खुणांवर भागवलं होतं. लाल रंग सरकला आणि एका मारिओची टोपी गालावर आली. तो फार प्यालेला दिसतो. तो मी फेकलेला नाही.

मग या जपानी छापांवर काय असायचं? देव, डोंगर, लाटा होत्याच, पण मोठी चलती होती काबुकी नाटकातल्या नटांच्या चित्रांची. आवडता नट आवडत्या भूमिकेत, चेहरा पिळवटून, डोळे वटारून. नाटक बघून आलेली माणसं ती चित्रं विकत घेऊन घरी जपायची. त्यामुळे "गेममधल्या बाहुल्यांची कसली चित्रं छापतेस, काहीतरी खरं काढ" असं कुणी म्हटलं की मी त्यांना हे ऐकवते. लोक ज्यांच्यासाठी वेडे होतात त्यांचे छाप काढायचे, ही यातली सगळ्यात जुनी चाल आहे. २०१२ साली जेड हेन्री या चित्रकाराने नेमकं हेच केलं: गेममधली पात्रं उकियो-ए, म्हणजे याच जुन्या जपानी छापांच्या, शैलीत काढली. ती लाकडात उतरवली डेव्हिड बुल यांनी. इंग्लंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला हा माणूस १९८६ मध्ये जपानला जाऊन राहिला आणि तिथे लाकूड कोरत बसला. आधी त्यांनी शंभर कवींच्या एका जुन्या चित्रमालिकेची नव्याने कोरणी करण्यात दहा वर्षं घातली होती. दहा वर्षं! मी बारा कागदांत थकले.

आणि निन्टेंडो? ही कंपनी १८८९ मध्ये क्योतोत निघाली ती पत्ते करायला. 'हानाफुदा' नावाचे फुलांचे पत्ते, बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, एकूण अठ्ठेचाळीस. कागद आणि रंग हाच धंदा. तेव्हा मी मारिओला कागदावर आणला म्हणजे काही नवं केलं नाही, त्याला आजोळी नेऊन सोडलं.

उलट्या तोंडाचं दुःख मात्र राहिलं होतं. त्यावर उतारा मिळाला तो 'झेल्डा' या निन्टेंडोच्याच गेममालिकेतून. त्या मालिकेतला नायक लिंक तोवर पूर्वापार डावखुरा. २००६ मध्ये 'ट्वायलाइट प्रिन्सेस' दोन यंत्रांसाठी आला. त्यातल्या 'वी' या यंत्रावर हातातला रिमोट हलवून तलवार चालवायची होती, आणि खेळणारे बहुतेक उजव्या हाताचे. मग करायचं काय? त्यांनी नायकाचा हात बदलला नाही, अख्खं जग आरशात धरलं. डोंगर, गावं, रस्ते सगळं उलटं. एका यंत्रावर पूर्वेला असलेलं गाव दुसऱ्यावर पश्चिमेला. हे वाचलं त्या दिवशी माझं वजन दोन किलोंनी कमी झालं असेल. एवढ्या मोठ्या कंपनीने ठसा उलटा मारला आणि विकला! मी तर बारा कागदच छापले होते, आणि तेही विकायला नाही. (विकणार तरी कशी? पात्रं दुसऱ्यांची, हक्क दुसऱ्यांचे. घरच्या भिंतीवर आणि मित्रमैत्रिणींच्या वाढदिवसाला, बस.)

आता लिंक कोरायचा विचार आहे. मूळचा डावखुरा, तसाच कागदावर यावा म्हणून आधी पातळ कागदावर चित्र काढून, तो कागद पालथा घालून लिनोवर उतरवून घ्यायचं. म्हणजे तेच, खोडरबरवालं.

या सगळ्यात एक नुकसान मात्र झालंय. मला आता धड खेळता येत नाही. परवा खूप दिवसांनी मारिओ लावला. पहिलीच पातळी, डोळे मिटून पार करणारी मी. झुडूप आलं तसा माझा अंगठा थांबला, कारण त्याच्या वरच्या कडेला किती चौकोन आहेत ते मोजायचे होते. तेवढ्यात गूम्बा नावाचं ते तपकिरी शत्रू-पात्र येऊन धडकलं. दुसऱ्या खेपेला ढगाकडे बघत खड्ड्यात गेले. तिसऱ्या खेपेला विटांच्या रेघा बघत होते, लिनोवर त्या सुरीने काढाव्यात की बारीक कोरणीने, आणि पुन्हा गूम्बा.

भाच्याने माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

"मावशी, तू बघ," तो म्हणाला. "मी खेळतो."