मांजराचं पिल्लू हाताला चावतंय? आधी घरातल्या माणसांना आवरा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ओळखीच्या काकूंचा मागे फोन आला, म्हणे कुणाला मांजराचं पिल्लू पाहिजे का बघ की, आमचं लई चावालंय, रागीट निघालं. वय विचारलं तर अडीच महिने. म्हटलं काकू, अडीच महिन्याच्या जीवाला कसला आलाय राग, ते खेळतंय. पण त्यांना काही पटलं नाही आणि पटणार तरी कसं, हातावर मनगटापर्यंत लाल रेघोट्या असल्यावर "खेळतंय" हा शब्द ऐकायलाच कसातरी वाटतो.

म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण आमच्याकडे पण एक नग आहे. नाव चटणी. रंग अगदी शेंगाचटणीचा, म्हणून आईनं ठेवलं, आणि नंतर कळलं की बोका आहे. (तांबूस रंगाची मांजरं बहुतेक, म्हणजे पाचातली चारएक, बोकेच असतात, तो रंग एक्स गुणसूत्रावर असतो, बोक्याला एकच एक्स म्हणून एकदा आला तरी पुरतो, मांजरीला मात्र आई-बाप दोघांकडून यावा लागतो.) नाव मात्र तेच राहिलं, आता डॉक्टरकडे "चटणी आलाय" म्हटलं की सगळे वळून बघतात.

दिवाळीनंतर भाऊ जिथं कामाला आहे त्या टॉवेलच्या कारखान्यामागं हा एकटाच ओरडत होता, आई नाही, भावंडं नाहीत, महिन्याभराचा असेल नसेल. आणि सगळी गोम इथंच आहे. पिल्लं किती जोरात चावायचं हे भावंडांत शिकतात. एकानं दुसऱ्याला जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळतं, खेळ सोडून जातं, किंवा उलटून तेवढ्याच जोरात चावतं. आईचं पण तसंच, पिल्लू जास्त करायला लागलं की दाबून धरते नाहीतर सरळ उठून जाते. हे सगळं साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढं दोन-तीन महिने चालतं, म्हणूनच दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये म्हणतात, तीन महिने ठेवता आलं तर अजून बरं. एकटं सापडलेलं पिल्लू ही शाळाच चुकवून येतं. त्याच्या लेखी तुमचा हात म्हणजे भावंड, आणि हाताला तर केसाळ कातडी पण नसते, त्यामुळं त्याच्यासाठी हलकं असलेलं आपल्याला कचकन लागतं.

खेळतंय की खरंच चिडलंय ते ओळखायला अवघड नाही. खेळणारं पिल्लू आवाज करत नाही. दबा धरतं, मागचा भाग हलवतं, पाठीची कमान करून तिरकं तिरकं उड्या मारत येतं, हात पुढच्या दोन पायात धरून मागच्या पायांनी दणादण लाथा मारतं. कान पुढं असतात. चिडलेलं किंवा घाबरलेलं असेल तर फिस्कारतं, गुरगुरतं, कान डोक्याला सपाट चिकटवतं. तसं असेल तर प्रकरण वेगळं, तिथं त्याला एकटं सोडायचं आणि घाबरलंय कशाला ते शोधायचं. नेहमी शांत असणारं अचानक हात लावल्यावर चावायला लागलं तर कुठंतरी दुखत असेल, डॉक्टरला दाखवा.

आता माणसांकडं येऊ. चटणीला शिकवायला फार त्रास झाला नाही, आमच्या घरच्यांना शिकवायला झाला. भावाला सवय, संध्याकाळी कामावरून आला की पिल्लाला उताणं पाडून पोटावर बोटं नाचवायची, ते चावलं की हा हसणार, "काय बे, वाघ झालास की!" आणि तेच पिल्लू पाच मिनिटांनी आजीच्या पायाला चावलं की घरात आरडाओरडा. मग त्या पिल्लानं समजायचं काय? एका माणसाचा हात चावायचा आणि दुसऱ्याचा नाही, एवढा हिशोब त्याला कुठून येणार. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की या घरात हात म्हणजे जेवण देणारा आणि अंगावरून फिरणारा, खेळायला हात नाही, पाय नाही, पायाची बोटं नाहीत, कुणाचीच नाहीत. आजी लगेच तयार, भाऊ कुरकुरत तयार, शेजारची अक्का मात्र अजून म्हणते नाकावर एक टिचकी मार, गप होईल. टिचकी मारू नका. फटका, मानगूट धरून हलवणं, तोंडावर पाणी मारणं, यातनं पिल्लू न चावायला शिकत नाही, हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं मांजर खेळण्यापेक्षा फार जोरात चावतं.

आणि चादर! थंडीत जाड सोलापुरी चादरीखाली आपण पायाची बोटं हलवतो आणि वरून पिल्लू झडप घालतं, लागत नाही म्हणून सगळ्यांना मजा वाटते, व्हिडिओ काढतात. त्याच्या डोक्यात ते उंदीर पकडणंच चाललेलं असतं. उन्हाळा लागला, चादर गेली, की तोच पाय उघडा समोर येतो.

चावलंच तर काय करायचं? हात ओढू नका. अवघड आहे, आपोआप ओढला जातो, पण पळणारी वस्तू म्हणजे शिकार, तुम्ही ओढला की ते अजून घट्ट धरणार आणि ओरखडा लांब पडणार. हात ढिला सोडून एकदम स्थिर करायचा, सुटत नसेल तर किंचित त्याच्याच दिशेनं ढकलायचा, शिकार उलटी तोंडाकडं येत नसते त्यामुळं पकड सैल होते. मग एक शब्द न बोलता उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं, अर्धा-एक मिनिट पुरतं. बडबडायचं नाही, "अरे बाळा असं नाही करायचं" हे त्याच्यासाठी लाडच आहेत. चावलं की खेळ संपला, एवढंच कळायला पाहिजे, आणि ते प्रत्येक वेळी व्हायला पाहिजे.

पण नुसतं खेळ बंद करून भागत नाही, त्याच्यातली शिकार कुठंतरी निघाली पाहिजे. मांजर मुळात पहाटे आणि दिवेलागणीला चपळ होणारं जनावर. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, दुपारभर पारा चाळीसच्या वर, चटणी शहाबादी फरशीवर पसरलेला असतो, हाक मारली तरी शेपटीचं टोक हलवतो फक्त. आणि सात वाजले की अंगात वारं शिरतं. मग आम्ही त्याच्या आधीच सुरू करतो. लांब काठीला जुन्या साडीची रुंद पट्टी बांधलीय, ती जमिनीवरून त्याच्यापासून लांब पळवायची, पलंगाच्या पायामागं लपवायची, थांबवायची, परत जराशी हलवायची. लोक ती पट्टी पिल्लाच्या तोंडासमोर नाचवतात आणि म्हणतात हे खेळतच नाही. उंदीर कधी मांजराच्या नाकावर नाचतो का? मधनं मधनं पकडू पण द्यायचं, नाहीतर ते वैतागतं, लेझर लाइटचा तोच प्रॉब्लेम, हातात काहीच लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की शेवटी पकडू द्यायचं आणि लगेच रात्रीचं जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम ठरलेला आहे. लाथा मारायला म्हणून जुन्या सॉक्समध्ये कापड कोंबून तोंड शिवून दिलंय, हाताऐवजी ते पुढं करायचं.

एक गोष्ट सोलापूरकरांना मुद्दाम सांगते. आपल्या घराघरांत सूत असतं. कुणी लूमवर, कुणी घरी युनिफॉर्म शिवतं, चादरींच्या दशा, रिळं, संक्रांतीला मांजा. पिल्लू दोऱ्याशी खेळताना फार गोड दिसतं पण मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकलं आणि बाकीचा आतड्यात गेला की आतडं चुणीसारखं गोळा होतं, फाटू शकतं, ऑपरेशन लागतं. तोंडातनं किंवा शेपटीखालनं दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे. आमच्याकडे खेळ झाला की काठीसुद्धा कपाटात जाते.

साडेतीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत चावणं परत वाढल्यासारखं वाटेल, ते दात बदलत असतात. दुधाचे सव्वीस पडून कायमचे तीस येतात. पडलेले दात बहुतेक गिळून टाकतात, आम्हाला एक तेवढा सापडला. या दिवसांत चावायला वस्तू जास्त द्या आणि नियम तोच ठेवा. वर्षाचं होईपर्यंत बराच जोर उतरतो. जमत असेल तर एकाच वयाची दोन पिल्लं पाळावीत, एकमेकांना तीच शिकवतात, पण आपल्या टू बीएचकेत आणि आजीच्या राज्यात ते सगळ्यांना जमेलच असं नाही.

राहिला रेबीज. खेळता खेळता का होईना, दात लागून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, हळद, चुना, तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा आपल्या डॉक्टरकडे जा. बाहेरनं आणलेलं, लस न झालेलं पिल्लू असेल तर "घरचंच आहे" म्हणून टाळायचं नाही, रेबीज झाल्यावर उपाय नाही. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम दिसत नाही आणि आत पू होतो, ते वेगळंच. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर देतात, पुढं डॉक्टर सांगतील तसं. तेव्हाच नसबंदीचं पण विचारून ठेवा, साधारण पाच-सहा महिन्यांचं झालं की करतात.